उजवीकडे सात वळणं

२ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी विचारलं की तुम्ही या क्षेत्रात कसे आलात, तर ऐनवेळी आठवत बसायला नको.

क्षेत्र म्हणजे समुद्राखालचे रोबो. आपण जहाजावर खुर्चीत बसायचं, रोबो पाण्यात सोडायचा आणि जॉयस्टिकनं तळाशी चालवायचा. माणूस कोरडा, रोबो ओला. हे मी मेहुण्याला नीट समजावून सांगितलं. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. त्याच्या दुकानात मी नऊ वर्षं मिक्सर आणि पंखे दुरुस्त केले. तो म्हणाला, नाही जमलं तर ये परत, तुझं स्टूल कोणाला देत नाही. मी म्हणालो, खुशाल दे. जरा जोरातच म्हणालो, कारण दुकानात तीन गिऱ्हाइकं होती.

बायकोनं एकच शंका काढली. मागे बागेतल्या झोपाळ्यावर मुलीला मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा मला उलटी झाली होती. मी म्हणालो, तो झोपाळा होता, हे जहाज आहे. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं असावं.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज एक तास मॅन्युअल वाचणे. बढाया न मारणे.

३ सप्टेंबर, सकाळी ९.२०

गजर बरोबर पाचला वाजला होता असं बायको म्हणते. म्हणजे घड्याळ चांगलं आहे.

६ सप्टेंबर

ट्रेनिंग सेंटर. पत्र्याची शेड, मधोमध खोल टाकी, टाकीत एक छोटा रोबो. शिकाऊ आम्ही चौघं. बाकीची तिघं विशीतली पोरं, मोबाइलवर गेम खेळून खेळून बोटं तयार झालेली. मी तेहतीस. अनुभवाचं वजन वेगळं असतं.

माझी पाळी आली तेव्हा रोबो टाकीच्या भिंतीला तीनदा धडकला. सर म्हणाले, हळू. चौथ्यांदा धडकल्यावर म्हणाले, ऊठ. माझ्या मते टाकी लहान आहे. समुद्र एवढा अरुंद नसतो, तिथे माझा हात मोकळा चालेल.

७ सप्टेंबर

प्रत्येकाला एक निळी पुस्तिका मिळाली. तिच्यात चाळीस कामं आहेत. एकेक काम जमलं की समोर सही मिळते. शेवटच्या पानावर फक्त एक मोठी चौकट आहे, ती पहिल्या फेरीनंतर जहाजावरच्या सुपरवायझरनं सही करण्यासाठी. ती मिळाली तर दुसरी फेरी आणि कायम नोकरी. नाही मिळाली तर पुस्तिका जमा करायची आणि घरचा रस्ता धरायचा.

चौकट बघून हसू आलं. एका सहीला एवढी जागा कशाला लागते?

९ सप्टेंबर

आज रबरी रिंगा. रोबोवरच्या प्रत्येक डब्याच्या झाकणाखाली एक बारीक रिंग असते. तिच्याखाली साधा केस अडकला तरी आत पाणी शिरतं. म्हणून ती पुसायची, बोटानं ग्रीस लावायचं, उजेडात धरून सगळीकडून बघायची आणि मग बसवायची. पोरं दहा-दहा मिनिटं घेत होती. मी एका मिनिटात बसवली.

डब्यात पाणी शिरलं. आत केस सापडला. सर म्हणाले, पांढरा आहे. मी म्हणालो, कोणाचाही असेल. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्याकडे बघितलं. हा पोरकटपणा मला आवडला नाही.

१४ सप्टेंबर, जहाजावर

काल दुपारी चढलो. केबिन दोघांची, खिडकी नाही. खालच्या बर्थवर विंच, म्हणजे दोर वर-खाली करायचं यंत्र, चालवणारा. तो झोपेत घोरत नाही, पण जागेपणी शीळ घालतो.

जहाज हलतं. रात्रीचं जेवण पोटात राहिलं नाही. सूप शिळं असावं. विंचवाल्यानं तेच सूप दोन वाट्या प्यायलं आणि त्याला काही झालं नाही. काही पोटांना शिळ्याची सवय असते.

१५ सप्टेंबर

आज सगळ्यांची ओळख झाली.

सुपरवायझर: सगळे त्यांना मास्तर म्हणतात. साठीला टेकलेले. पाच मिनिटांत एक वाक्य बोलतात, तेही अर्धं. माझी निळी पुस्तिका उघडून बघितली आणि विचारलं, टाकीच्या सह्या एवढ्या उशिरा का झाल्या? मी म्हणालो, तपशिलात शिरायची सवय आहे. त्यावर त्यांनी पुस्तिका मिटली.

पायलट: सव्वीस वर्षांची मुलगी. मुख्य पायलट म्हणून तिची ही पहिलीच फेरी. कॅप्टनसकट सगळं जहाज तिला ताई म्हणतं. मी सात वर्षांनी मोठा, मी कशाला म्हणू? दुपारपर्यंत मीही म्हणायला लागलो. तिच्याशी बोलताना आपोआप अहो-जाहो होतं, त्याला माझा इलाज नाही.

रोबो: दोन कपाटं आडवी जोडावीत एवढा आणि रंगानं पिवळा. म्हणून नाव पिवळी. तिला लोखंडी पिंजऱ्यात घालून जाड दोरानं खाली सोडतात. तळाजवळ गेली की ती पिंजऱ्यातून बाहेर पडते आणि पाइपलाइन तपासत हिंडते. मागे दोनशे मीटर केबल असते, पिंजऱ्यापासून तिच्यापर्यंत.

१६ सप्टेंबर

मला काम मिळालं. वळणं लिहिणे.

प्रकार असा. पिवळी तळाशी फिरताना स्वतःभोवती गोल फिरते आणि दर गोलाला केबलला एक पीळ पडतो. उजवीकडे एक फेरा झाला तर परतताना डावीकडे एक फेरा मारून तो सोडवावा लागतो. पीळ तसाच ठेवून केबल पिंजऱ्यात ओढली तर तिची वेटोळी होतात आणि सगळं अडकतं. स्क्रीनवर या वळणांचा आकडा येतो. तरी मास्तरांच्या जहाजावर शिकाऊ माणसानं पायलटशेजारी बसून प्रत्येक वळण कागदावर लिहायचं, अशी पद्धत आहे. मास्तर म्हणाले, स्क्रीन बंद पडते. पुढचं वाक्य उद्या येईल बहुतेक.

तेहतीस वर्षांच्या माणसाला रेघा मारायला बसवलं. असो.

पिवळी चालवायची खोली म्हणजे डेकवरचा एक कंटेनर. आत अंधार आणि भिंतभर स्क्रीन. स्क्रीनवर हिरवट पाणी एका बाजूला सरकतं, आणि खालून जहाज दुसऱ्या बाजूला. पंधरा मिनिटांत मी बाहेर आलो. एसीचा झोत थेट मानेवर येतो, त्यामुळे पोटात ढवळलं. मानेचा आणि पोटाचा संबंध असतो, हे कुठेतरी वाचलं आहे.

१७ सप्टेंबर

आज चार वेळा बाहेर आलो. चारही वेळा एसीमुळेच. ताईंनी विचारलं, बरं नाही का? पहिल्या फेरीला बऱ्याच जणांना स्क्रीनचा त्रास होतो, मलाही व्हायचा, गोळी आहे माझ्याकडे. मी म्हणालो, मला नाही होत.

त्यांनी गोळी टेबलावर ठेवली. ती अजून तिथेच आहे.

१८ सप्टेंबर

तोडगा सापडला. असे तोडगे मॅन्युअलमध्ये नसतात, त्याला डोकं लागतं.

कंटेनरच्या मागच्या भिंतीवर आग विझवायच्या सामानाचं कपाट आहे. त्याला काळपट काचेचं दार आहे. खुर्ची फिरवून स्क्रीनकडे पाठ करून बसलं की काचेत सगळी स्क्रीन दिसते, पण छोटी आणि अंधुक. छोटं चित्र बाधत नाही. आकडे काही वाचता येत नाहीत, पण पिवळी कुठे वळली ते दिसतं. दोन तास बसलो, एकदाही उठलो नाही. ताईंनी खुर्चीकडे बघितलं. मी म्हणालो, मानेचं दुखणं आहे. त्या परत जॉयस्टिककडे वळल्या.

आज एकंदरीत तेरा वळणं लिहिली. परत यायच्या वेळी ताईंनी स्क्रीनवरचा आकडा बघून पीळ सोडवला. माझा कागद कोणी मागितला नाही.

१९ सप्टेंबर, दुपारी

घरी फोन. बायकोनं विचारलं, काय काम करतोस? मी सांगितलं की खोल समुद्रातल्या दिशांची जबाबदारी माझ्याकडे आहे. ती म्हणाली, आणि पोट? मी म्हणालो, लाइन खराब आहे. लाइन चांगली होती. मुलगी मागून ओरडत होती की बाबा रोबो चालवतो.

मेहुण्याकडेही चौकशी झाली म्हणे. त्यानं स्टुलावर अजून कोणाला बसवलेलं नाही. हा माणूस माझ्या वाईटावर टपलेला आहे.

फेरी संपायला पाच दिवस. चौकट नक्की आहे. मास्तरांनी आज माझ्याकडे बघून मान हलवली. कोणत्या दिशेनं, ते नीट दिसलं नाही.

२० सप्टेंबर

सकाळी ६.०० पिवळी पाण्यात. तब्येत उत्तम.

७.१५ काचेत पाइप दिसला. एक वळण.

८.४० दोन मिनिटं बाहेर. ताजी हवा चांगली असते.

९.५० पुन्हा बाहेर. जरा जास्त वेळ.

११.२० जहाजाची वीज गेली आणि आली. स्क्रीनवरचा वळणांचा आकडा शून्य झाला. म्हणजे आता फक्त माझा कागद.

११.३५ ताईंनी विचारलं, किती? कागदावर उजवीकडे पाच होती. दोनदा बाहेर गेलो होतो, तेव्हा एकेक झालं असेल असं धरून मी सात सांगितलं. ताई थांबल्या. म्हणाल्या, मला डावीकडे वाटतंय, तुमचं नक्की आहे ना?

मी म्हणालो, "उजवीकडे सात. लिहिलेलं आहे."

कागदाला मान, ही इथली पद्धत. ताईंनी पिवळी डावीकडे सात वेळा फिरवली.

१२.१० केबल आत घेताना पिंजऱ्याच्या तोंडाशी अडकली.

१२.३० अडकलेलीच. कॅमेऱ्यात केबलची वेटोळी दिसतात. मी मोजली नाहीत.

१.०० मास्तर आले. ताईंच्या मागे उभे राहिले. माझ्या खुर्चीकडे बघितलं. 

४.०० वारा वाढला. पिवळी पिंजऱ्याबाहेर लोंबकळते आहे आणि लाटेबरोबर पिंजऱ्यावर आपटते आहे. तो आवाज इथे येत नाही, फक्त दिसतं.

संध्याकाळी ७.४० वर काढली. तिला पाण्यात ढकलणारे दोन पंखे तुटले. पंचवीस मीटर केबल कापावी लागणार. काम दोन दिवस बंद. ताई डेकवर पिवळीजवळ उभ्या होत्या, हातमोजे काढलेच नव्हते. मी काही मदत करू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, नको, तुम्ही जेवून घ्या.

जेवलो नाही.

२१ सप्टेंबर

विचार केला. वीज गेली हे मुख्य कारण. वीज माझ्या हातात नाही. दुसरं म्हणजे ताईंना डावीकडे वाटत होतं तर त्यांनी ठामपणे सांगायला हवं होतं. तिसरं, एसी.

दुपारी कंटेनर झाडायला गेलो. आत कोणी नव्हतं. कपाटाच्या काचेसमोर उभा राहिलो आणि उजवा हात वर केला. काचेतल्या माणसानं डावा वर केला. मी हात खाली घेतला. परत वर केला. त्यानं परत डावाच केला.

मग झाडून घेतलं.

२१ सप्टेंबर, सायंकाळी

मूळ प्रश्न असा की ते कपाट तिथे बसवलं कोणी.

२२ सप्टेंबर

मास्तरांनी शिफ्टमधल्या प्रत्येकाला एक पान लिहायला सांगितलं. काय झालं आणि आपलं काय चुकलं. मला वेगळं बोलावलं. डेकवर केबलच्या ड्रमपाशी उभे होतो. ते एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

म्हणाले, "तुला काय येतं ते मला दिसतं. काय येत नाही, ते लिही. खरं लिही. बाकी शिकवायचं माझं काम आहे. सही त्या पानावर ठरेल."

परवा सकाळी सहापर्यंत. आठला परतीची बोट आहे. शिफ्टमधल्या इतरांची पुढची फेरी ठरलेली आहे. माझी ठरायची आहे.

एक पान म्हणजे काहीच नाही. लिहिण्यात मी पहिल्यापासून बरा. चौकट वाचली म्हणायची.

२३ सप्टेंबर, सकाळी ११.००

आधी इथे कच्चं लिहितो, मग फेअर करतो.

स्क्रीनकडे बघितलं की मला ओकारी येते. पहिल्या दिवसापासून येते. एसीचा काही संबंध नाही. सूप चांगलं होतं.

म्हणून मी स्क्रीनकडे पाठ करून बसत होतो आणि कपाटाच्या काचेत बघून वळणं लिहीत होतो. काचेत उजवं डावं होतं. मी नऊ वर्षं मोटारी उलट-सुलट फिरवून बघितल्या, तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पाच लिहिली होती. दोन मनानं घातली. पाच खूपच कमी वाटत होती.

ताईंनी विचारलं तेव्हा मला माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. त्यांना कळलं असतं की तपासून बघायला पाहिजे. माझ्या तोंडून ते वाक्य निघत नाही. दुकानातही निघायचं नाही. लोकांचे मिक्सर घेऊन ठेवायचो आणि उद्या या म्हणायचो.

ताईंची चूक नाही.

मला इथे राहायचं आहे. पिवळी पहिल्यांदा पाण्यात गेली तेव्हा डेकवर उभा होतो. एवढी मोठी वस्तू, हळूच बुडाली आणि खाली तिचे दिवे दिसत राहिले. ते मला रोज बघायचं आहे. मला शिकवलं तर मी शिकेन.

२३ सप्टेंबर, दुपारी ३.००

वाचून बघितलं. असलं पान हातात पडलं तर कोण शहाणा माणूस सही करेल? ओकारी येणारा, आकडे मनानं घालणारा, असाच अर्थ निघतो. आणि ते मिक्सरचं तर कोणी विचारलेलंही नव्हतं.

फेअर करताना सुधारणा केल्या. ओकारीऐवजी 'हवामानामुळे किरकोळ अस्वस्थता'. काचेऐवजी 'आसनव्यवस्थेतील मर्यादा'. दोन वळणांबद्दल 'अंदाजपत्रकी नोंद'. ताईंची चूक नाही हे वाक्य ठेवणार होतो, पण ते ठेवलं तर मग चूक कोणाची असा प्रश्न येतो, म्हणून काढलं. उणिवांच्या जागी 'कामाच्या बाबतीत अति काटेकोर' असं घातलं. शेवटचं काढलं. शिकवलं तर शिकेन म्हणजे आता येत नाही असं होतं.

अक्षर सुरेख आलं. विंचवाल्याला दाखवलं. त्यानं पूर्ण वाचलं आणि शीळ घातली नाही. बायकोला फोन करून सांगितलं, झाल्यातच जमा आहे. ती म्हणाली, मास्तरांना पोटाचं सांगितलंस ना? मी म्हणालो, सगळं व्यवस्थित लिहिलंय.

२४ सप्टेंबर, बोटीवर

पाच वाजता उठलो. गजराआधी. पहिल्यांदाच.

सहाला पान दिलं. मास्तरांनी उभ्यानंच वाचलं. विचारलं, एवढंच? मी म्हणालो, एवढंच. मग त्यांनी खिशातून दुसरं पान काढलं आणि माझ्या हातात दिलं. ताईंचं होतं, परवाच दिलेलं. लिहिलं होतं की शिकाऊ माणसाला स्क्रीनचा त्रास होतो हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. तो पाठ करून काचेत बघून नोंदी करतो हेही मी तीन दिवस बघत होते. मोठा माणूस आहे, लाजेल, म्हणून बोलले नाही. ती माझी चूक. त्याला गोळी द्यावी आणि समोर बसवावं, हात चांगला आहे.

हात चांगला आहे, असं लिहिलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली.

म्हणजे मास्तरांना सगळं आधीच माहीत होतं. मी पान परत केलं आणि म्हणालो, हे सगळं मीही लिहिलंय. 

मास्तर म्हणाले, "कुठे?"

वही केबिनमध्ये होती, उशीखाली. दोन जिने खाली. कालच्या अकराच्या पानावर सगळं होतं, त्यांनी मागितलं होतं तसं. पण वही दिली असती तर बाकीची पानंही गेली असती. पोट, सूप, त्यांची मान, ताईंबद्दलचं ते सगळं.

मास्तर थांबले होते. घाई करत नव्हते. घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, बोटीला चांगला वेळ होता.

मी म्हणालो, असंच, मनात.

त्यांनी मान हलवली आणि निळी पुस्तिका मागून घेतली. शेवटचं पान उघडलं नाही. पेन खिशातच होतं.